जमीन राखण्याचा करार : अमेरिकेतील कौंट्यांचा अनुभव

आपल्या देवळाचा, शाळेचा आणि पूर्वीच्या धर्मगुरूंचा वृत्तान्त ह्या स्मरणिकेत अन्यत्र आलाच आहे. आम्ही येथे किंचित निराळा विषय हाती घेत आहो, व त्याचे कारण वाचकांस ठाऊक आहे. आपल्या पॅरिशमधील बहुसंख्य कुटुंबे जमिनीवर जगतात. बांध फुटला, पीक गेले, अनुदानाचा अर्ज परत आला, की तो कागद पुष्कळदा प्रथम आमच्याच ओटीवर येतो. सरकारने जमीनधारकास साहाय्य करावे काय, करावे तर कोणत्या अटीवर, आणि त्या साहाय्यातील किती वाटा प्रत्यक्ष नांगर धरणाराच्या हाती पडतो, हे प्रश्न आमच्या मनात ह्या कागदांनीच उभे केले. ज्या देशाने ह्या कामी पुष्कळ पैसा ओतला व पुष्कळ चुका करून पाहिल्या, असा एक देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. म्हणून तेथील इतिहास थोडा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘कौंटी’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. तेथील बहुतेक संस्थाने कौंट्यांत विभागलेली असतात. आपल्या तालुक्याशी तिची तुलना स्थूलमानाने करता येईल. शेतकऱ्याचा सरकारशी जो काही संबंध येतो तो बहुधा कौंटीच्या गावीच येतो. ही व्यवस्था एका दिवसात झाली नाही. इ. स. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, लिंकन ह्यांच्या कारकीर्दीत तीन गोष्टी झाल्या. शेतकी खाते निघाले. पाच वर्षे राहून जमीन कसणारास १६० एकर देण्याचा कायदा झाला. आणि शेतकी व यांत्रिक शिक्षणाच्या महाविद्यालयांस सरकारी जमिनी देण्यात आल्या. १९१४ च्या कायद्याने ह्या महाविद्यालयांतील ज्ञान खेड्यांत नेण्यासाठी कौंटीतील शेतकी मार्गदर्शकांच्या कामास कायमचे सरकारी साहाय्य मिळाले. तोपर्यंत सरकारची समजूत अशी की, शेतकऱ्यास जमीन द्यावी, विद्या द्यावी, म्हणजे काम झाले. ती माती टिकेल की नाही ही चिंता कोणासच नव्हती. १९०९ साली खुद्द सरकारच्या मृत्तिका विभागाने छापून टाकले की, माती ही राष्ट्राची कधीही न संपणारी ठेव होय!

हे वाक्य वाचून ज्याचा संताप झाला तो मनुष्य त्याच विभागात नोकरीस होता. ह्यू हॅमंड बेनेट हे त्याचे नाव. जन्म १८८१ चा, नॉर्थ कॅरोलिना संस्थानातील अँसन कौंटीत, कापसाच्या शेतावर. १९०३ साली ते मृत्तिका विभागात दाखल झाले. १९०५ साली व्हर्जिनियातील लुइझा कौंटीत मातीची पाहणी करीत असता त्यांस एक साधी गोष्ट दिसली. एकाच उताराच्या, एकाच खडकाच्या दोन जमिनी शेजारी शेजारी होत्या. एकीवर रान होते. तेथील माती भुसभुशीत व ओलसर. दुसरी वर्षानुवर्षे नांगरलेली. ती विटेसारखी कठीण. मोठी घळ कोठेच पडलेली नव्हती. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर कागदाएवढा पातळ थर निघून जात होता, आणि तो जातो हे शेताच्या मालकासही कळत नव्हते. आपल्याकडील डोंगरउतारावरील वरकस जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांस ह्यात नवल वाटणार नाही. बेनेट ह्यांनी मात्र हीच गोष्ट वीस-पंचवीस वर्षे ऐकेल त्याला व न ऐकेल त्यालाही सांगितली. १९२८ साली ‘जमिनीची धूप : एक राष्ट्रीय संकट’ अशा अर्थाच्या मथळ्याचे त्यांचे पत्रक शेतकी खात्याने प्रसिद्ध केले, व पुढील वर्षी धुपेच्या संशोधनासाठी १,६०,००० डॉलर मंजूर झाले. खंडप्राय देशाच्या मानाने ही रक्कम म्हणजे पाण्यात मीठ.

इकडे पश्चिमेकडील विस्तीर्ण मैदानात निराळेच पर्व चालू होते. टेक्सास व ओक्लाहोमा ह्यांचे चिंचोळे उत्तर व पश्चिम भाग, कॅन्ससची नैऋत्य, कोलोराडोची आग्नेय आणि न्यू मेक्सिकोची ईशान्य बाजू हा सारा कमी पावसाचा, गवताचा प्रदेश. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला. सरकारने बुशेलमागे सुमारे दोन डॉलरची हमी दिली व ‘गहू पिकवा, युद्ध जिंका’ असा पुकारा झाला. ट्रॅक्टर आले. हजारो वर्षांचे गवत उलथून गहू पेरण्यात आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळला, तेव्हा कर्ज फेडण्यासाठी शेतकऱ्याने आणखी जमीन फोडली. आणि १९३२ साली गव्हाचा भाव बुशेलमागे चाळीस सेंटांच्याही खाली आला. त्याच सुमारास पाऊस थांबला. गवताची मुळे नाहीत, पीक नाही, वारा मात्र आहे. अशा स्थितीत जे व्हावयाचे ते झाले. मे १९३४ मध्ये मैदानातील धूळ शेकडो कोस उडत न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर उतरली आणि अटलांटिक महासागरातील जहाजांच्या डेकवर जाऊन बसली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तर ‘काळा रविवार’ म्हणूनच तेथील लोकांच्या स्मरणात राहिला आहे. भर दुपारी इतका अंधार पडला की, कित्येकांस जगाचा अंत आला असे वाटले. जमीन फोडण्यास ज्याने उत्तेजन दिले त्याच सरकारने पुढे ती झाकण्यासाठी पैसे दिले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण हाच क्रम पुढे आणखी एकदा घडावयाचा होता.

१९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, आणि दोन निरनिराळी कामे एकाच वर्षी सुरू झाली. पहिले बेनेट ह्यांचे. त्यांच्या नव्या धूप-निवारण विभागाने विस्कॉन्सिन संस्थानातील कून क्रीक नावाच्या ओढ्याचे सुमारे ९२,००० एकरांचे पाणलोट क्षेत्र नमुन्यासाठी निवडले. तेथे नॉर्वेहून आलेल्या वसाहतवाल्यांचे वंशज पुष्कळ. डोंगरावर गुरे चरत, उतारावर उभे नांगरट होई, आणि प्रत्येक वळवाबरोबर गाळ खाली गावात येई. सरकारने शेतकऱ्यांशी पाच-पाच वर्षांचे करार केले. सरकारने बी, खत, तारकुंपण, रोपे व मजुरी द्यावी. शेतकऱ्याने उताराला आडवी नांगरट करावी, धान्य व गवत ह्यांचे पट्टे आलटून पालटून पेरावे, आणि डोंगरमाथ्यावरील रानात गुरे सोडू नयेत. मजुरीसाठी बेकार तरुणांच्या सरकारी छावण्या होत्याच. चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी सह्या केल्या. त्या दरीतील वळणदार पट्ट्यांची शेते आजही दिसतात.

ह्या करारात जबरदस्ती नव्हती आणि नुसते दानही नव्हते, म्हणून त्यावर आम्ही अधिक लिहिले. शेतकऱ्यास काही मिळत होते व त्याच्याकडून काही घेतलेही जात होते. दोन्ही गोष्टी कागदावर होत्या व मुदतबंद होत्या. १९३५ साली बेनेट सिनेटच्या समितीपुढे साक्ष देत असता त्यांनी मुद्दाम भाषण लांबविले आणि तेवढ्यात पश्चिमेकडील धुळीचा ढग खिडकीबाहेर येऊन ठेपला, अशी एक कथा पुष्कळदा रंगवून सांगितली जाते. कथेतील तपशील कसेही असोत. २७ एप्रिल १९३५ रोजी मृद्‌संधारणाचा कायदा झाला व बेनेट नव्या विभागाचे पहिले प्रमुख झाले.

पुढची अडचण अशी की, वॉशिंग्टनमधील अधिकारी लक्षावधी शेतांवर कसा जाणार? ह्यावर तोड निघाली ती स्थानिक मंडळांची. २७ फेब्रुवारी १९३७ रोजी रूझवेल्ट ह्यांनी सर्व संस्थानांच्या गव्हर्नरांस कायद्याचा नमुना पाठविला. त्या नमुन्याप्रमाणे जमीनधारकांनी स्वतः मागणी करावी, मतदान व्हावे, आणि मग मृद्‌संधारण मंडळ स्थापन व्हावे. मंडळात पाच पंच. तीन लोकांनी निवडलेले, दोन संस्थानाने नेमलेले. पंचांस कर बसविण्याचा अधिकार नाही. जमिनीच्या वापराचे नियम करण्याचा अधिकार आहे, पण तोही लोकांचा कौल घेऊनच. आणि प्रत्यक्षात फारच थोड्या मंडळांनी तो वापरला. पहिले मंडळ ४ ऑगस्ट १९३७ रोजी ब्राउन क्रीक येथे निघाले, ते नेमके बेनेट ह्यांच्या जन्मकौंटीत. आज अशी मंडळे देशभर सुमारे तीन हजार आहेत.

आणखी दोन कामांचा ओझरता उल्लेख करतो. उत्तर डकोटापासून टेक्सासपर्यंत शेतांच्या कडेने वारा अडविण्यासाठी झाडांच्या रांगा लावण्यात आल्या. १९४२ पर्यंत सुमारे बावीस कोटी झाडे लागली. आणि जी जमीन शेतीस योग्यच नव्हती ती सरकारने विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणली. कोलोराडोतील बाका कौंटी व कॅन्ससमधील मॉर्टन कौंटी ह्यांतील अशा जमिनी आज राष्ट्रीय कुरणे म्हणून ओळखल्या जातात.

आता १९३३ चे दुसरे काम. त्याची हकीकत तितकी सुखाची नाही. पीक फार व भाव नाही, म्हणून जो शेतकरी कमी पेरील त्यास सरकारने पैसे द्यावे, असा कायदा त्या वर्षीच्या मे महिन्यात झाला. पेरा आधीच झालेला असल्यामुळे सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला, व सुमारे साठ लक्ष डुकरे मारण्यात आली. देशात लोक उपाशी असता हे झाले, म्हणून पुष्कळांची मने विटली. आमचेही मत त्यांच्याहून वेगळे नाही. परंतु खरी जखम निराळीच होती. दक्षिणेतील कापसाची शेते जमीनदारांची, आणि कसणारे वाटेकरी. त्यांत काळे व गोरे दोन्ही. १९३४ व १९३५ ह्या सालांच्या कापूस-करारात जमीनदारास पौंडामागे सुमारे चार सेंट मिळत, तर वाटेकऱ्याच्या हाती अर्धा सेंट येई. तोही बहुधा जमीनदारामार्फतच. शिवाय पेरा कमी झाल्यामुळे माणसेही कमी लागू लागली. कराराच्या सातव्या कलमात जमीनदाराने पूर्वीइतकीच कुळे ठेवावीत असे लिहिले होते खरे, पण त्यापुढे ‘शक्य तोवर’ अशा अर्थाचे शब्द घातले होते. त्या दोन शब्दांच्या वाटेने हजारो कुटुंबे आपल्या झोपड्यांतून रस्त्यावर आली.

जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा संस्थानातील टायरोंझा गावाजवळ अकरा गोरे व सात काळे वाटेकरी एका शाळेत जमले आणि त्यांनी दक्षिणी कुळांचा संघ स्थापन केला. ज्या प्रांतात दोन वर्णांची माणसे एका बाकावर बसत नसत, तेथे त्यांनी एकच संघ काढला हे लहान धैर्य नव्हे. त्यांच्या सभा उधळल्या गेल्या, माणसांस मारहाण झाली. शेतकी खात्यातील काही तरुण वकिलांनी सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला, तेव्हा फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांनाच काढून टाकण्यात आले. कारण उघड होते. कायदे मंजूर करणाऱ्या सभांत दक्षिणेतील जमीनदारांचे वजन मोठे होते, आणि गावोगावी कराराची अंमलबजावणी करणाऱ्या कौंटी समित्याही त्यांच्याच वर्गाच्या हाती होत्या.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच रद्द केला. तेव्हा सरकारने दोन महिन्यांच्या आत निराळी युक्ती काढली. मातीचा कस घेणारी पिके, म्हणजे कापूस, गहू, मका व तंबाखू, कमी करून त्यांच्या जागी गवत व द्विदल पिके लावणारास पैसे द्यावयाचे. नाव मृद्‌संधारणाचे, हेतू पुष्कळसा भाव सावरण्याचा. जमिनीचे रक्षण व भावाचे रक्षण ह्या दोन गोष्टींची तेव्हा जी गाठ बसली, ती आजतागायत सुटलेली नाही. १९३७ साली कुळांस जमीन घेण्यासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारा कायदाही झाला. पण गरजवंतांच्या मानाने कर्जे थोड्यांसच मिळाली.

येथे आपल्याच धर्मबांधवांपैकी एकाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. आयोवा संस्थानातील ग्रेंजर गावी लुइजी लिगुत्ती नावाचे इटलीत जन्मलेले धर्मगुरू होते. पॅरिशमधील पुष्कळ लोक कोळशाच्या खाणीत काम करणारे. खाण वर्षातील काही महिनेच चाले, बाकीचे महिने उपासमार. १९३३ च्या कायद्यात लहान शेतघरांसाठी अडीच कोटी डॉलर बाजूस ठेविले आहेत असे कळताच फादर लिगुत्ती ह्यांनी अर्ज केला. १९३५ च्या अखेरीस पन्नास कुटुंबांस घर व सभोवती काही एकर जमीन मिळाली. पैसे हप्त्याहप्त्याने फेडावयाचे. भाजीपाला, कोंबड्या, एखादी गाय, आणि खाण चालू असेल तेव्हा मजुरी, असा तो संसार. ज्यांच्या नावे एक वितीचीही जमीन नव्हती त्यांच्यापर्यंत सरकारी मदत पोहोचल्याचे हे एक उदाहरण. आणि ती पोहोचली, कारण कोणी तरी कागद घेऊन पाठपुरावा केला.

महायुद्धानंतरची कहाणी थोडक्यात सांगतो. १९५६ साली ‘मृत्तिका-पेढी’ नावाची योजना निघाली. १९६० पर्यंत सुमारे २ कोटी ८० लक्ष एकर जमीन तिच्याखाली विसावली. कराराची मुदत संपली. १९७२ साली रशियाने अमेरिकेतून प्रचंड प्रमाणात गहू विकत घेतला, भाव चढले, आणि त्या वेळच्या शेतकी मंत्र्यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा करण्याचा उपदेश केला. गवत पुन्हा उलथले गेले. तीसच्या दशकात लावलेल्या झाडांच्या रांगाही कित्येकांनी ट्रॅक्टर वळविण्यास अडचण होते म्हणून तोडल्या. आम्ही वर सांगितलेला क्रम तो हाच.

१९८५ साली नवा कायदा झाला, व त्यात पूर्वीच्या अनुभवाची छाया स्पष्ट दिसते. त्याचा एक भाग असा की, सहज धुपणारी जमीन जो योग्य उपायांवाचून नांगरील, किंवा पाणथळ जमीन जो पिकासाठी आटवील, त्यास इतर सरकारी शेतकी साहाय्यही मिळणार नाही. दुसरा भाग जमीन राखीव ठेवण्याच्या योजनेचा. शेतकरी दर एकरी किती वार्षिक भाडे घेणार ते कळवितो. सरकार पसंत पडलेल्या जमिनीसाठी दहा ते पंधरा वर्षांचा करार करते. गवत वा झाडे लावण्याचा निम्मा खर्च सोसते. त्या मुदतीत तेथे पीक घ्यावयाचे नाही. मोठा दुष्काळ पडल्यास मात्र चाऱ्यासाठी गवत मोकळे करण्याची सोय आहे. एका कौंटीतील लागवडीच्या जमिनीपैकी सामान्यतः पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन अशी पडीक ठेवता येत नाही. ही मर्यादा का, हे खेड्यातील माणसास सांगावे लागणार नाही. शेतकऱ्यास भाडे मिळते. पण बियाण्याचा दुकानदार, यंत्र दुरुस्त करणारा, हंगामाचा मजूर ह्यांस पडीक रानातून काय मिळणार?

फळ मिळाले नाही असे नाही. सरकारी पाहणीप्रमाणे लागवडीखालील जमिनीची धूप १९८२ मध्ये वर्षास सुमारे तीन अब्ज टन होती, ती २००७ पर्यंत सुमारे पावणेदोन अब्ज टनांवर आली. त्याच २००७ साली राखीव जमीन ३ कोटी ६० लक्ष एकरांच्या वर गेली होती. नंतर मक्यापासून मोटारीचे इंधन करण्याचे प्रमाण वाढले, मक्याचा भाव चढला, आणि करार संपताच पुष्कळांनी गवत पुन्हा नांगरले. २०१४ च्या कायद्याने तर राखीव जमिनीची कमाल मर्यादाच टप्प्याटप्प्याने २ कोटी ४० लक्ष एकरांवर आणली.

परंतु कौंटी समित्यांचे काय झाले? त्या टिकल्या, आणि त्यांच्यातील पक्षपातही टिकला. काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज महिनोन् महिने पडून राहत, मंजूर झाले तर पेरणी उलटल्यावर. त्यांनी सरकारवर भरलेल्या दाव्यात १९९९ साली तडजोड झाली. ज्यांची तक्रार ग्राह्य ठरली त्यांतील बहुतेकांस प्रत्येकी ५०,००० डॉलर मिळाले. एकूण रक्कम शंभर कोटी डॉलरच्या घरात गेली. मागाहून आलेल्या अर्जदारांसाठी २०१० मध्ये आणखी १२५ कोटी डॉलर ठरले. तोपर्यंत कित्येकांची जमीन लिलावात जाऊन वारसही शहरात पांगले होते.

ह्या शेतकऱ्यांपैकी अनेकांची एक अडचण तर आपल्याच घरची वाटावी अशी आहे. आजोबा मृत्युपत्र न करता वारले, जमीन मुलानातवंडांत समाईक राहिली, कोणा एकाच्या नावे स्वच्छ कागद नाही. म्हणून सरकारी दप्तरात शेताचा क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही म्हणून कर्ज नाही, अनुदान नाही, मृद्‌संधारणाचा करारही नाही. २०१८ च्या कायद्याने अशा समाईक जमिनीच्या वहिवाटदारांस दुसऱ्या पुराव्यावर क्रमांक मिळण्याची वाट करून दिली.

आपल्याकडे जमीन-सुधारणेसाठी तगाई देण्याचा कायदा १८८३ सालचा आणि मुंबई इलाख्यातील बांधबंदिस्तीच्या योजनांचा कायदा १९४२ सालचा. त्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय होईल. तूर्त एवढेच सांगतो की, आमच्या ओटीवर आलेल्या सातबाराच्या उताऱ्यांपैकी पुष्कळांवर आजही वारलेल्या वडिलांचे वा आजोबांचेच नाव आहे, आणि बहिणींची नावे तर क्वचितच. ज्या कुटुंबांत वारस-नोंद होऊन फेरफार झालेला नाही, त्यांनी मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे घेऊन रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर यावे. अर्ज लिहून देण्यास आम्ही बसलेले असतो.